साठवणीच्या धान्यातील कीड आणि धुरीचे वायू

गव्हाचे अथवा तांदळाचे काही दाणे वरून अगदी धडधाकट दिसतात, परंतु पाण्यात टाकताच तरंगू लागतात. असा एखादा दाणा नखाने फोडून पाहावा. आतील पिठाच्या जागी पोकळी असते आणि तीत एक पांढरी, पाय नसलेली, किंचित वाकलेली अळी पडलेली आढळते. ही पोरकिड्याची अळी होय. पोरकिड्याची मादी आपल्या लांब सोंडेने दाण्यास बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट द्रवाने ते भोक बुजवून टाकते. अंडे फुटून अळी बाहेर येते, ती आतूनच दाणा खाते, आतच तिचा कोष होतो, आणि शेवटी पुरा वाढलेला किडा दाण्यास वाटोळे छिद्र पाडून बाहेर पडतो. उन्हाळ्याच्या उबेत हे सारे महिन्याभरात आटोपते. एक मादी आपल्या आयुष्यात तीनचारशे अंडी सहज घालते. म्हणजे पोत्याच्या वरच्या थरात चारदोन किडे चालताना दिसू लागतात, तेव्हा आतल्या दाण्यांत त्यांच्या कितीतरी पट प्रजा वाढत असते.

गव्हातील दाणे पोखरणारा लहान भुंगेरा, पिठात व रव्यात होणारा तांबडा भुंगेरा, कडधान्यांतील भुंगे, आणि अळीच्या अवस्थेत फटीत लपून अन्नावाचून दीर्घ काळ जगणारा खापरा ही ह्याच मंडळीतील इतर नावे. ह्यांपैकी काही दाण्याच्या आत वाढतात, काही बाहेर. पण सर्वांस एक गोष्ट सारखीच लागू पडते: चाळणीने अथवा उन्हात घालून ह्यांतील दिसणारे किडे गेले, तरी न दिसणारे राहतात. कीटकनाशक भुकटी किंवा फवारा धान्याच्या पृष्ठभागावर पडतो. दाण्याच्या गाभ्यापर्यंत तो पोचत नाही. तेथवर पोचू शकेल असा पदार्थ म्हणजे वायू. वायूचे कण पोत्याच्या तागातून, दाण्यादाण्यांमधील पोकळीतून आणि दाण्याच्या सूक्ष्म रंध्रांतूनही वाट काढतात. विषारी वायूने धान्यातील कीड मारण्याच्या ह्या क्रियेस धुरी देणे म्हणतात. ह्या धुरीत धूर मात्र नसतो. जुन्या काळी कडुनिंबाचा पाला अथवा गंधक जाळून धुरी देत, तेवढ्यावरून हा शब्द चालत आला आहे.

एका मागून एक गेलेले वायू

धुरीसाठी वापरलेल्या वायूंचा इतिहास हा बराचसा त्यांच्या निवृत्तीचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात कार्बन डायसल्फाइड हा द्रव धान्यावर ओतीत. त्याची वाफ किडे मारी, परंतु ती इतकी ज्वालाग्राही होती की एखाद्या ठिणगीने सारी वखार पेटावी. त्यानंतर हायड्रोजन सायनाइड आला. १८८६ मध्ये कॅलिफोर्नियात फळझाडांवर तंबू टाकून त्याखाली हा वायू सोडण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे गिरण्या व गोदामांतही तिचा प्रसार झाला. माणसालाही तो तितकाच घातक होता. पुढे भारतात घरगुती साठ्यासाठी एथिलीन डायब्रोमाइड ह्या द्रवाच्या काचेच्या कुप्या मिळत. कणगीत कुपी फोडून तोंड बंद करावयाचे. हा पदार्थ कर्करोगास कारण होऊ शकतो असे दिसून आल्यावर अनेक देशांनी त्याचा वापर बंद केला, आणि भारतातही त्याच्यावर बंदी आली.

मिथिल ब्रोमाइडची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याचा कीटकनाशक गुण फ्रान्समध्ये १९३२ साली प्रसिद्ध झाला. तो जलद काम करी. एक-दोन दिवसांत धुरी संपे. तो निवृत्त झाला तो माणसास अथवा धान्यास अपाय केल्यामुळे नव्हे. वातावरणात उंच गेल्यावर त्यातील ब्रोमीन ओझोनच्या थराचा नाश करतो असे सिद्ध झाले. १९९२ मध्ये कोपनहेगन येथे माँट्रियल कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. प्रगत देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत त्याचा सामान्य वापर बंद करावयाचा असे ठरले. परदेशी किडींचा शिरकाव रोखण्यासाठी बंदरांवर व निर्यातीपूर्वी द्यावयाच्या धुरीस तेवढी सवलत राहिली.

अशा रीतीने जगातील बहुतेक धान्य एकाच वायूच्या आधारावर राहिले. तो वायू म्हणजे फॉस्फीन.

फॉस्फीन

फॉस्फीन सिलिंडरातून देण्याची सोय आहे, परंतु भारतासारख्या देशात तो गोळ्यांतून मिळतो. ह्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइड ह्या संयुगाच्या असतात. हवेतील ओलाव्याशी त्याचा संयोग होऊन फॉस्फीन वायू बाहेर पडतो व मागे अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची करडी भुकटी उरते. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू मिळतो. हवेत फॉस्फीनचे प्रमाण आकारमानाने शेकडा १.८ च्या आसपास गेले तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून गोळीत अमोनियम कार्बामेट मिसळलेले असते. त्यापासून निघणारे अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू आग रोखतात, आणि अमोनियाच्या उग्र वासामुळे कामगारास सूचनाही मिळते.

फॉस्फीनचे गुण मोठे आहेत. तो हवेपेक्षा थोडाच जड असून दाट रचलेल्या थप्पीच्या मध्यापर्यंत सहज पसरतो. धान्यात त्याचा अंश जवळजवळ राहत नाही. बियाण्याच्या उगवणशक्तीस धक्का लागत नाही. खर्च अत्यल्प येतो, आणि गोळ्या ठेवण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. थप्पीवर जाड प्लास्टिकचे आवरण घालावे, आत गोळ्या ठेवाव्या, आवरणाच्या कडांवर वाळू भरलेल्या लांब नळीसारख्या पिशव्या दाबून ठेवाव्या आणि सात दिवस थांबावे, इतकाच व्याप.

हाच सोपेपणा अनर्थालाही कारण झाला. एक गोळी माणसाचा प्राण घेण्यास पुरते आणि फॉस्फीनच्या विषावर उतारा नाही. धान्याच्या डब्यात गोळी टाकून तो डबा निजण्याच्या खोलीत ठेवल्याने कुटुंबेच्या कुटुंबे दगावल्याच्या वार्ता उत्तर भारतातून वारंवार आलेल्या आहेत. ह्या गोळ्यांची विक्री भारतात सरकारी संस्थांपुरती व प्रशिक्षित धुरीकारांपुरती मर्यादित केलेली आहे. घरच्या डब्यात ह्या गोळीस जागा नाही.

किडे मरेनासे झाले

१९७२-७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेने निरनिराळ्या देशांतून धान्यातील किड्यांचे नमुने मागवून त्यांची तपासणी केली. त्या वेळी मॅलॅथिऑनसारख्या फवाऱ्याच्या औषधांस बहुतेक ठिकाणचा तांबडा भुंगेरा दाद देत नाही असे दिसले. ते अपेक्षितच होते. परंतु तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे एक दशांश नमुन्यांत फॉस्फीनलाही न जुमानणारे किडे निघाले. कसोटी साधी होती: पिठातील तांबड्या भुंगेऱ्याचे प्रौढ किडे एका ठराविक, अगदी सौम्य मात्रेत २० तास ठेवावयाचे. सामान्य किडे तेवढ्याने मरतात. जे उरतात ते प्रतिकारक्षम.

१९७९ मध्ये पंजाबातील खापरा भुंगेऱ्यात असा प्रतिकार आढळल्याचे प्रसिद्ध झाले. १९८३ मध्ये बांगला देशातील सरकारी धान्यगोदामांचा वृत्तांत आला. तेथे केवळ प्रयोगशाळेतील आकड्यांचा प्रश्न नव्हता. रीतसर धुरी दिलेल्या गोदामांत जिवंत किडे राहत होते. पुढे भारतात तंबाखूच्या वखारींतील भुंगेऱ्यातही तोच प्रकार दिसला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात २००७ च्या सुमारास तांबूस रंगाच्या, तिळाहूनही बारीक अशा एका चपट्या भुंगेऱ्यात इतका प्रबळ प्रतिकार आढळला की त्याला मारण्यास सामान्य किड्याच्या शेकडो पट मात्रा लागू लागली.

कीटक विषास सरावतात, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. ते खरे नव्हे. एखादा किडा आपल्या हयातीत थोडेथोडे विष घेऊन पटाईत होतो असे येथे घडत नाही. किड्यांच्या कोट्यवधी संख्येत काहींच्या गुणवाहकांत मुळातच किंचित फेरफार असतो. विषाने इतर मरतात, ते तेवढे उरतात आणि पुढची प्रजा त्यांची होते. ही घटना नवी नाही. कॅलिफोर्नियातील फळझाडांवरील तांबड्या खवले किडीत हायड्रोजन सायनाइडविरुद्ध असा प्रतिकार पहिल्या महायुद्धाच्या काळातच नोंदला गेला होता.

फॉस्फीनच्या बाबतीत हा फेरफार कोठे होतो ते आता बरेच कळले आहे. प्रबळ प्रतिकार दोन गुणवाहकांच्या संयोगाने येतो. त्यांपैकी दुसरा कोणता, ह्याचा शोध ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील संशोधकांनी लावून तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पेशींतील ऊर्जानिर्मितीच्या साखळीत भाग घेणारे एक विकर ह्या गुणवाहकाच्या आधाराने तयार होते. त्यात सूक्ष्म बदल झाला की फॉस्फीनचा घाव त्यावर नीट बसत नाही. दाणे पोखरणारा भुंगेरा आणि पिठातील भुंगेरा ह्या दोन अगदी भिन्न किड्यांत हाच गुणवाहक बदललेला आढळला. गंमत अशी की, असे बदललेले किडे सोमलाच्या संयुगांस मात्र सामान्य किड्यांहून लवकर बळी पडतात. अर्थात खाण्याच्या धान्यात सोमल घालण्याचा विचारही कोणी करणार नाही.

हे दोन्ही गुणवाहक बहुतांशी अप्रभावी आहेत, आणि ह्या एका गोष्टीवर साऱ्या प्रश्नाची मेख आहे. प्रत्येक किड्यास एकेक गुणवाहक आईकडून व बापाकडून असा जोडीने मिळतो. जोडीतील एकच बदललेला असेल तर किडा जेमतेमच अधिक टिकाव धरतो. पूर्ण मात्रेची धुरी त्याला मारते. परंतु आवरण फाटके असले, जमिनीच्या फटीतून वायू निसटला, अथवा घाईने चौथ्याच दिवशी थप्पी उघडली, तर सामान्य किडे मरतात आणि हे मिश्र किडे वाचतात. आता त्यांची जोडी जमण्यास प्रतिस्पर्धी कोणी उरत नाही. अशा दोन मिश्र किड्यांच्या संततीत चारांत एकाच्या जोडीतील दोन्ही गुणवाहक बदललेले असतात. दोन्ही प्रकारच्या गुणवाहकांच्या जोड्या अशा पुऱ्या बदललेल्या असणारे सोळांत एक निघते. तो एक पुढच्या पुऱ्या मात्रेच्या धुरीतूनही सुटू शकतो. अर्धीमुर्धी धुरी ही धुरी न देण्यापेक्षा वाईट ठरते ती ह्यामुळे.

मात्रा आणि मुदत

वायूची मात्रा वाढविली तर हे किडे मरणार नाहीत काय? येथे फॉस्फीनचा एक विलक्षण स्वभाव आडवा येतो. मिथिल ब्रोमाइडच्या बाबतीत मात्रा व वेळ ह्यांचा गुणाकार महत्त्वाचा असे. एका घनमीटरात २० ग्रॅम वायू १० तास ठेवला काय अथवा ४० ग्रॅम ५ तास ठेवला काय, परिणाम जवळपास सारखाच. फॉस्फीनला हे त्रैराशिक लागू पडत नाही. मात्रा दुप्पट केली म्हणून वेळ निम्मा होत नाही. फार तीव्र वायूत किडे बधीर होऊन पडतात, त्यांची श्वसनक्रिया मंदावते आणि विष कमीच आत जाते. शिवाय प्राणवायू नसेल तर फॉस्फीनचा परिणामच होत नाही. किडा श्वसन करीत असतानाच हे विष त्याला भोवते.

अंडी आणि कोष ह्या अवस्थांत श्वसन मंद असते, म्हणून त्या फॉस्फीनला सर्वांत दाद देत नाहीत. त्यांना मारण्याचा उपाय तीव्र वायू हा नसून दीर्घ मुदत हा आहे. सौम्य वायू पुष्कळ दिवस टिकवून धरला तर अंडे त्या वायूतच फुटते आणि बाहेर आलेली कोवळी अळी मरते. कोषातून निघालेला किडाही तसाच मरतो. थंडीत किड्यांची वाढ मंद होते, म्हणून त्या दिवसांत मुदत आणखी वाढवावी लागते. प्रबळ प्रतिकार असलेल्या किड्यांसाठी ही मुदत आठवड्यावरून दोन-तीन आठवड्यांवर जाते. इतके दिवस वायू कोंडून ठेवू शकेल अशी बंदिस्त जागा असेल तर बहुतेक जातींचे प्रतिकारक्षम किडे फॉस्फीननेच मारता येतात. ती नसेल तर दुसरा वायू शोधावा लागतो.

दुसरे वायू

ऑस्ट्रेलियातील त्या चपट्या भुंगेऱ्याविरुद्ध जो वायू कामास आला तो सल्फ्यूरिल फ्ल्युओराइड. १९६० च्या सुमारास अमेरिकेत लाकडी घरांतील वाळवी मारण्यासाठी तो बाजारात आला. धान्य व गिरण्यांसाठी त्यास तेथे मान्यता मिळाली ती २००४ च्या सुमारास. तो न पेटणारा, रंग व वास नसलेला आणि हवेच्या साडेतीन पट जड असा वायू आहे. किड्याच्या शरीरात त्याचे विघटन होऊन फ्ल्युओराइड सुटे होते व साखर आणि चरबी ह्यांपासून ऊर्जा मिळविण्याची क्रिया बंद पडते. फॉस्फीनचा मारा ज्या जागी होतो तिच्याशी ह्याचा संबंध नसल्याने फॉस्फीनला न जुमानणारा किडाही ह्याने मरतो. ज्या साठ्यांत प्रतिकारक्षम किडे आढळले तेथे एकदोन वेळा हा वायू द्यावयाचा आणि मग पुन्हा फॉस्फीनकडे वळावयाचे, असा क्रम पूर्व ऑस्ट्रेलियात अवलंबिला गेला.

परंतु ह्याचेही दुबळे अंग आहे. अंड्याच्या कवचातून तो नीट आत जात नाही. प्रौढ किडे व अळ्या ज्या मात्रेने मरतात तिच्या कितीतरी पट मात्रा अंड्यांस लागते, आणि थंड हवेत तर ती परवडेनाशी होते. म्हणून त्याला फॉस्फीनची जोड देऊन एकाच वेळी दोन्ही वायू वापरण्याचे प्रयोग झाले आहेत व ते आशादायक ठरले आहेत. दुसरी अडचण अधिक मोठी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून असे दिसले की, हा वायू वातावरणात सुमारे ३६ वर्षे टिकतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तितक्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या चार हजार पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो. ओझोन वाचविण्यासाठी मिथिल ब्रोमाइड सोडावा आणि त्याच्या जागी येणाऱ्याने पृथ्वी तापवावी, असा हा पेच आहे.

इथिल फॉर्मेटची तऱ्हा अगदी निराळी. हा पदार्थ निसर्गात फळांत अल्प प्रमाणात असतोच. त्याचा वास रम ह्या मद्याची आठवण करून देतो. ५४ अंशांवर उकळणारा हा द्रव सुक्या मनुकांच्या पेट्यांत घालून त्यांतील किडे मारण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात पुष्कळ वर्षे होती. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतही धान्य व इतर अन्नपदार्थांवर त्याचे प्रयोग झालेले आहेत. त्याचे काम दिवसांत नव्हे, तासांत होते. मागे राहणारा अंश फॉर्मिक आम्ल व अल्कोहोल ह्यांत विघटित होतो, आणि हे दोन्ही धान्यात मुळातच लेशमात्र असतात. मात्र तो हवेशी मिसळला असता सहज पेटतो. ह्यावर ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी तोड काढली: एक भाग इथिल फॉर्मेटास वजनाने पाच भाग द्रवरूप कार्बन डाय-ऑक्साइड घालून सिलिंडरात भरावयाचे. पेटण्याचा धोका गेला, आणि दुसरा लाभ असा की, कार्बन डाय-ऑक्साइडमुळे किड्याची श्वासरंध्रे उघडी राहून विष भराभर आत जाऊ लागले.

इतके गुण असूनही हा वायू वखारी जिंकू शकला नाही. त्याचे कारण धान्यच. गहू, तांदूळ हे इथिल फॉर्मेट भराभर शोषून घेतात. थप्पीच्या बाहेरील थरांतच तो संपतो आणि मधले किडे सुखरूप राहतात. पंख्याने वायू खेळता ठेवला तर काम होते, परंतु पोत्यांच्या थप्पीत तशी सोय करणे अवघड. फळे, भाज्या, सुका मेवा आणि लहान बंदिस्त कोठ्या हे त्याचे खरे क्षेत्र.

कार्बोनिल सल्फाइड ह्या वायूचा धुरीसाठी उपयोग होईल हे १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ऑस्ट्रेलियात दाखविण्यात आले. तो वातावरणात स्वाभाविकपणे असतो व दाण्यात चांगला शिरतो. त्याचा प्रसार मात्र झाला नाही. ओझोनचा वापरही प्रयोगांच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. तो धान्याच्या पृष्ठभागाशी आधीच संयोग पावून खर्ची पडतो.

पेवाचा धडा

विषारी वायू न घालता केवळ हवाच बदलावी, हा आणखी एक मार्ग. दख्खनच्या पठारावर ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणीत. कोरड्या, घट्ट जमिनीत खड्डा घेऊन त्यास कडब्याचे व तुसाचे अस्तर द्यावयाचे, धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकावयाचे. आत धान्य स्वतः आणि त्यातील किडे श्वसन करीत राहतात. प्राणवायू घटतो, कार्बन डाय-ऑक्साइड साठतो आणि कीड आपल्याच श्वासाने गुदमरते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरलेला मनुष्यही त्याच कारणाने प्राणास मुकत असे. म्हणून जाणते लोक तोंड काही काळ उघडे ठेवून, दिवा आत सोडून पाहिल्याशिवाय कोणास उतरू देत नसत. पेवाचा दोष म्हणजे ओल. कडेचे धान्य काळे पडून आंबूस होई.

आधुनिक पद्धतीत हीच गोष्ट मोजूनमापून करतात. कोठीत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण शेकडा ३५ च्या वर दोन आठवडे टिकविले, अथवा नत्रवायू भरून प्राणवायू शेकडा एकच्या खाली आणून तो सुमारे तीन आठवडे तसाच ठेवला, तर धान्यातील कीड सर्व अवस्थांत मरते. फॉस्फीनला न जुमानणाऱ्या किड्यासही प्राणवायू लागतोच. लहान शेतकऱ्यासाठी प्लास्टिकच्या दुहेरी अस्तराच्या हवाबंद पिशव्या निघाल्या आहेत. त्यांचा आरंभ १९८० नंतरच्या दशकात आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळी राखण्यासाठी झाला. त्यांच्या अभ्यासातून एक मनोरंजक गोष्ट उघडकीस आली. कोरड्या धान्यात राहणारा किडा आपणास लागणारे पुष्कळसे पाणी अन्नाचा प्राणवायूशी संयोग घडवून शरीरातच तयार करतो. प्राणवायू घटला की हे पाणी बंद होते, आणि किडा गुदमरण्याइतकाच तहानेनेही मरतो.

ह्या मार्गाविरुद्धही किडे हतबल नाहीत. प्रयोगशाळेत पिढ्यानुपिढ्या कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये वाढवून पोरकिड्यांत त्याचा प्रतिकार निर्माण करता आला आहे. १९७९ व १९८५ मध्ये अशी निरीक्षणे प्रसिद्ध झाली. फॉस्फीनइतका तो प्रबळ नव्हता, एवढेच.

ह्या सर्व उपायांत एक समान अट दिसून येईल. वायू कोणताही असो, तो कोंडता आला पाहिजे. ऑस्ट्रेलियात धातूच्या कोठीची परीक्षा पुढील रीतीने घेतात. कोठीत थोडी हवा भरून दाब वाढवितात. बाहेर जोडलेल्या वाकड्या नळीतील तेलाच्या दोन पातळ्यांत २५ मिलिमीटरचे अंतर पडले की हवा भरणे थांबवितात आणि ते अंतर निम्म्यावर येण्यास किती वेळ लागतो तो मोजतात. पाच मिनिटांहून कमी लागली तर कोठी गळकी. त्या देशाच्या पश्चिम भागात १९८० नंतर साठवणीच्या जागा अशा प्रकारे बंदिस्त करण्याचे धोरण निष्ठेने पाळले गेले, आणि फॉस्फीनविरुद्धचा प्रबळ प्रतिकार तेथे मूळ धरू शकला नाही. पूर्व भागात उघड्या व गळक्या कोठ्या राहिल्या आणि तेथे तो पसरला. वायू एकच, किडेही त्याच जातींचे.

भारतात धान्याचा मोठा साठा पोत्यांत असतो. पोत्याची थप्पी म्हणजे कोठी नव्हे. आवरणाचे प्लास्टिक ओढाताणीत फाटते, सिमेंटच्या जमिनीस भेगा असतात, वाळूच्या पिशव्यांत अंतर राहते, आणि उघड्या ओट्यावरील थप्पीत तर वाऱ्याच्या झोताने वायू बाहेर खेचला जातो. म्हणून नव्या वायूंच्या चाचण्या येथे घेताना प्रयोगशाळेतील काचेच्या भांड्यातील आकडे पुरत नाहीत. थप्पीच्या वर, मध्ये व तळाशी बारीक नळ्या घालून दररोज वायूचे प्रमाण मोजावे लागते. जाळीच्या लहान पिंजऱ्यांत अंडी, अळ्या, कोष व प्रौढ किडे असलेले धान्य भरून ते पिंजरे थप्पीत निरनिराळ्या ठिकाणी पुरून ठेवतात. आवरण काढल्यानंतर मेलेले किडे मोजून काम संपत नाही. पिंजऱ्यांतील धान्य उबदार खोलीत सहा ते आठ आठवडे तसेच ठेवतात आणि दर आठवड्यास चाळून पाहतात. दाण्याच्या आत एखादे अंडे वाचले असेल तर त्याचा किडा तेवढ्या अवधीत बाहेर येतो.